उपचारात्मक अश्वारोहण: घोड्याशेजारी पायी चालणाऱ्यांचे काम

(एका मराठी चर्चास्थळावरील धागा. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

पायवाट

गेली सात वर्षे मी अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या एका उपचारात्मक अश्वारोहण केंद्रात, म्हणजे दिव्यांग मुलांना घोड्यावर बसवणाऱ्या केंद्रात, दर शनिवारी सकाळी स्वयंसेवक म्हणून जाते. पुण्याहून आई अजूनही फोनवर विचारते, "आज किती फेऱ्या मारल्यास घोड्यावर?" आणि मी दर वेळी सांगते की मी घोड्यावर बसत नाही. सात वर्षांत दोनदाच बसले, तेही प्रशिक्षणाचा भाग म्हणून, वर बसलेल्याला काय वाटते ते कळावे यासाठी. एरवी मी घोड्याच्या डाव्या कुशीला लागून, एक हात मुलाच्या मांडीवरून नेऊन खोगिराच्या कडेला धरून, वाळूच्या रिंगणात पायी चालते. उजव्या बाजूला दुसरा स्वयंसेवक तसाच चालतो आणि तिसरा घोड्याला धरून पुढे असतो. एका स्वारामागे तीन माणसे. चार मुलांचा वर्ग असला की बारा माणसे होतात आणि रिंगणाच्या मध्यभागी उभी राहणारी प्रशिक्षक ही तेरावी. यांतले कोणीही घोड्यावर नसते.

घोड्याच्या नुसत्या सहवासाने मूल सुधारते, असा एक गोड समज सर्वत्र आढळतो आणि ही केंद्रे चालवणाऱ्यांचे खरे काम त्या समजाखाली झाकले जाते. त्या कामाविषयी लिहावे, म्हणून हा धागा काढला आहे.

आधी थोडा इतिहास. लिझ हार्टेल ही डेन्मार्कची घोडेस्वार. १९४४ साली गरोदर असताना तिला पोलिओ झाला. पुढे हातांत आणि मांड्यांत बरीच शक्ती परतली, पण गुडघ्यांखालचे पाय लुळेच राहिले. घोड्यावर चढण्या-उतरण्यासाठी तिला माणूस लागत असे. ऑलिंपिकमधील ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली आणि हालचाली नेमकेपणाने करून घेण्याचा प्रकार, तोवर लष्करी अधिकाऱ्यांपुरताच होता. १९५२ साली हेलसिंकी येथे तो प्रथमच स्त्रियांना आणि लष्कराबाहेरील स्वारांना खुला झाला आणि तेथे ज्युबिली नावाच्या घोडीवर बसून हार्टेलने रौप्यपदक मिळवले. पदक घेताना सुवर्णविजेत्या स्वीडनच्या आंरी सँ-सीर यांनी तिला हात देऊन चौथऱ्यावर चढवले. १९५६ च्या खेळांचे यजमानपद मेलबर्नकडे होते, परंतु ऑस्ट्रेलियाच्या विलगीकरणाच्या नियमांमुळे घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला घ्याव्या लागल्या. तेथेही तिला रौप्यच मिळाले. तिच्या उदाहरणाने युरोपात या कामाला मोठी चालना मिळाली. ब्रिटनमधील 'रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन' आणि अमेरिकेतील आजच्या 'पाथ इंटरनॅशनल'ची पूर्वसुरी संस्था, या दोन्ही १९६९ साली स्थापन झाल्या. आमच्या मिशिगनमध्येच ऑगस्टा या गावी १९७० साली चेफ सेंटर सुरू झाले आणि त्याची गणना या देशातील सर्वांत जुन्या केंद्रांत होते.

आता प्रत्यक्ष काय घडते ते सांगते. घोडा कदम चालीने चालत असताना त्याच्या पाठीवर बसलेल्याचे कटिर, म्हणजे कमरेचा हाडांचा सांगाडा, पुढे-मागे सरकते, डावी-उजवीकडे कलते आणि थोडे वळतेही. मिनिटाला साधारण शंभर पावलांच्या लयीत या तिन्ही हालचाली एकत्र होतात आणि माणूस स्वतः चालताना त्याचे कटिर जसे हलते, त्याच्याशी त्या बऱ्याच जुळतात. जे मूल आयुष्यात कधी चाललेले नाही, त्याच्या धडाला चालण्याची ही लय अशी बसल्या जागी मिळते. प्रत्येक पावलाला तोल किंचित ढळतो आणि प्रत्येक पावलाला तो सावरावा लागतो. आपल्या भाषेत घोड्यावरच्या बैठकीला 'मांड' म्हणतात. मांड पक्की होणे म्हणजे काय, हे मी शनिवारच्या त्या वाळूत शिकले.

माझ्या वाट्याला पहिली दोन वर्षे नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडणे) होती आणि मांडीचे आतले स्नायू इतके आखडलेले होते की त्याला घोड्यावर बसवताना पाय फाकवायलाच काही मिनिटे जात. त्यासाठी त्यातल्या त्यात अरुंद पाठीची घोडी निवडली होती. नॉर्वेच्या फ्योर्ड जातीची ती घोडी होती. या जातीची आयाळ मध्ये काळी आणि दोन्ही कडांना पांढरट असते. तो पुढे वाकून त्या काळ्या पट्ट्यावरून बोट फिरवत बसे. जाड खोगिराऐवजी पातळ गादी आणि पट्टा बांधलेला असे, कारण घोड्याच्या अंगाची ऊब, जी आपल्यापेक्षा थोडी अधिक असते, मुलाच्या मांड्यांपर्यंत पोहोचावी. साधारण दहाव्या मिनिटाला माझ्या हाताखालची त्याची मांडी सैल पडे. ते मला डोळ्यांनी दिसत नसे, तळहाताला कळत असे.

नीरक्षीर

मी नाशिक येथे लहान मुलांची फिजिओथेरपी करतो. लेख आवडला, परंतु दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली आल्या आहेत, त्या वेगळ्या करून ठेवतो.

हिप्पोथेरपी म्हणजे परवानाधारक फिजिओथेरपिस्टने, ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे करता यावीत म्हणून उपचार करणाऱ्याने) किंवा वाचा-उपचारकाने आपल्या उपचारात घोड्याच्या चालीचा साधन म्हणून केलेला उपयोग होय. तेथे मूल घोडा हाकत नाही. त्याला उलटे किंवा आडवेही बसवले जाते. घोड्याची गती कधी वाढवायची, कधी थांबवायचे, हे उपचारक ठरवतो. उपचारात्मक अश्वारोहणात मात्र प्रशिक्षक दिव्यांग व्यक्तीला घोडेस्वारीच शिकवतो. लगाम त्या व्यक्तीच्या हातात असते आणि शरीराला किंवा मनाला होणारा लाभ त्या शिकण्यातून येतो. अमेरिकेत अनेक विमा कंपन्या हिप्पोथेरपीचा खर्च देत नाहीत आणि म्हणून तेथील उपचारक 'आम्ही फिजिओथेरपी करतो, घोडा हे त्यातील साधन आहे' असे आग्रहाने सांगतात. हा नुसता शब्दांचा खेळ नाही. मुलाची जबाबदारी कोणाच्या शिक्षणावर उभी आहे, हा त्यातील खरा प्रश्न आहे.

पुराव्याविषयी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सेरेब्रल पाल्सी असलेली १५ मुले होती. काहींना आठ मिनिटे चालत्या घोड्यावर बसवले आणि काहींना आठ मिनिटे स्थिर पिंपावर, पाय तसेच फाकवून. डाव्या-उजव्या स्नायूंच्या कामातील असमतोल घोड्यावर बसलेल्यांत लक्षणीय कमी झाला. म्हणजे नुसते पाय ताणले जाण्याने ते साधत नाही, चालीचा त्यात वाटा आहे. स्वमग्नतेविषयी (ऑटिझम) २०१५ साली कोलोरॅडोतील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६ ते १६ वयोगटातील मुले दहा आठवडे होती. तुलनेचा गटही त्याच तबेल्यात येत असे आणि घोड्यांविषयीच शिकत असे, परंतु त्यांच्यासमोर खऱ्या घोड्याऐवजी पूर्ण आकाराचा कापडी घोडा होता. खरी स्वारी करणाऱ्या गटात चिडचिड आणि अतिचंचलता अधिक कमी झाली, शिवाय सामाजिक संवादातही सुधारणा दिसली. तो कापडी घोडा मला फार आवडला. संशोधन कसे करावे, हे त्यावरून विद्यार्थ्यांना सांगता येते.

तरीही पंधरा मुलांच्या आणि आठ मिनिटांच्या अभ्यासावरून 'घोड्यावर बसवा, मूल चालू लागेल' असे कोणी सांगत असेल, तर त्या केंद्राच्या पायरीवरूनच परत फिरावे.

टेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो. येथे हे काम बहुतांशी स्थानिक गटांतून आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालते. राजकन्या ॲन १९७१ पासून वर उल्लेखलेल्या 'रायडिंग फॉर द डिसेबल्ड' या संस्थेशी जोडलेल्या आहेत. आमच्या गावच्या गटात सर्वांत महत्त्वाचे पद कोणाचे, असे मला कोणी विचारले तर मी चहाचे आणि हजेरीचे पाहणाऱ्या बाईंचे नाव घेईन. त्यांचा फोन सकाळी सात वाजता आला की समजावे, तीन स्वयंसेवकांपैकी एक आजारी आहे आणि एका मुलाची पाळी रद्द होण्याच्या बेतात आहे. घोडा तयार, मूल तयार, प्रशिक्षक तयार, आणि घोडं पेंड खातं ते नेमके येथे.

एक भर घालतो. अटलांटाच्या १९९६ च्या पॅरालिंपिकपासून पॅरा-ड्रेसाज हा खेळ तेथे आहे आणि आता स्वारांची विभागणी पाच श्रेणींत होते. त्यातील पहिली श्रेणी सर्वाधिक शारीरिक मर्यादा असलेल्यांची. त्यामुळे ज्यांना शिकण्याची हौस आहे, त्यांच्यापुढे उपचारापलीकडचाही रस्ता खुला आहे. नीरक्षीर यांनी केलेला भेद मला म्हणूनच पटतो. प्रत्येक दिव्यांग माणूस रुग्ण म्हणूनच घोड्यावर बसतो असे नाही.

उंबरठा

मी पुण्यात राहते. माझी मुलगी सात वर्षांची आहे, तिलाही सेरेब्रल पाल्सी आहे. डावा हात आणि दोन्ही पाय आखडलेले आहेत. आमचा अनुभव कटू आहे, पण येथे लिहावासा वाटतो.

दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी, ज्याचे नाव मी घेणार नाही, 'हॉर्स थेरपी' अशी पाटी वाचून आम्ही गेलो. कोणीही तिचे कागद पाहिले नाहीत. हेल्मेट मागितले तेव्हा 'मोठ्या मापाचे आहे, गळेल' असे उत्तर मिळाले. एका तरुणाने तिला काखेत धरून उचलले, खोगिरावर ठेवले आणि दुसरा घोड्याला ओढत निघाला. मी बाजूने धावत होते. तिसऱ्या फेरीत ती एका बाजूला कलंडली आणि मी तिला झेलले. पैसे मात्र दहा सत्रांचे आगाऊ भरलेले होते. त्यानंतर घोडा दुरून दिसला तरी ती माझा पदर धरते. तरीही पायवाट यांचे लिखाण वाचून पुन्हा प्रयत्न करावा का, असे मनात येते. जाण्यापूर्वी मी काय विचारावे?

पायवाट

उंबरठाताई, तुम्ही तिला झेललेत आणि हे इथे मोकळेपणाने लिहिलेत, याबद्दल आभार. तुमच्या प्रश्नाचे उत्तर नियमावलीतून देण्याऐवजी माझ्या हातून घडलेल्या चुकीतून देते, कारण ती माझ्या मनातून जात नाही.

चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही बंदिस्त रिंगणात होतो. बाहेर ऊन पडले होते आणि पत्र्याच्या छतावर साचलेला बर्फ सुटून एकाच वेळी घसरत खाली आला. तो आवाज मालगाडीसारखा असतो. घोडी एक हात बाजूला उडाली. त्याच्या आधी क्षणभर मी मुलाच्या मांडीवरचा हात काढून माझा हातमोजा सारखा करत होते. उजवीकडच्या स्वयंसेवकाची पकड घट्ट होती म्हणून मूल वर राहिले. घोडा धरणारा गृहस्थ निवृत्त पोस्टमन आहे. त्याने लगामाला हिसका दिला नाही. तो घोडीच्या समोर वळून उभा राहिला आणि हळू आवाजात बोलत राहिला. प्रशिक्षकाने 'उतरवा' म्हटल्यावरच आम्ही मुलाला उतरवले, कारण तातडीने कधी उतरवायचे हे एकाच माणसाने ठरवायचे असते. तिघांनी तीन निर्णय घेतले, तर मूल मध्येच लोंबकळते.

त्या दिवशी सर्वांसमोर मला कोणी बोलले नाही. वर्ग संपल्यावर प्रशिक्षकाने एक छापील कागद पुढे केला आणि घडले ते वेळेसह लिहायला सांगितले. हातमोजाही मी त्यात लिहिला. मग दोन आठवडे ती घोडी मुलांच्या वर्गात आली नाही. रोज कोणीतरी तिला रिकाम्या खोगिरासह रिंगणात फिरवत असे आणि बाहेर दुसरे कोणीतरी फावड्याने पत्रा वाजवत असे. छतावरून बर्फ घसरण्याची शक्यता असलेल्या दिवशी वर्ग घ्यायचा नाही, हा नियम त्यानंतर झाला. मार्चमधले कित्येक शनिवार त्यामुळे बुडतात, पालक नाराज होतात आणि केंद्राचे उत्पन्नही बुडते.

तर मी हे विचारीन. मुलाची वैद्यकीय माहिती आणि डॉक्टरांची लेखी संमती मागतात का? मापाचे हेल्मेट आहे का? चढण्यासाठी उतार किंवा चौथरा आहे, की उचलून ठेवतात? रिकिबीत पाय अडकला तर तो सुटेल अशी सोय आहे का? आणि सर्वांत शेवटी, त्यांनी आजवर कोणाला 'नाही' म्हटले आहे का, ते विचारा. ज्यांना एकही उदाहरण आठवत नाही, त्यांच्याकडे मूल देऊ नका.

नीरक्षीर

त्यात वैद्यकीय भर घालतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा काही वेळा अस्थिर असतो. तेथे धक्का बसला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते, म्हणून मानेची तपासणी झाल्याशिवाय त्यांना घोड्यावर बसवू नये. सेरेब्रल पाल्सीत खुब्याचा सांधा हळूहळू निखळत जाण्याचा धोका असतो आणि मूल त्याबद्दल तक्रार करीलच असे नाही. उंबरठाताई, मुलीच्या खुब्याचा एक्स-रे अलीकडे काढला नसेल, तर आधी तो काढून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. घोड्याचा विचार त्यानंतर.

चंदी

आमच्या घरी तीन पिढ्या घोडी आहेत, बारामतीकडे. वरातीची, यात्रेची आणि पूर्वी धनगरांच्या वाड्याबरोबर (फिरत्या तळाबरोबर) ओझे वाहणारी. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार चुकवत नाही. वर सर्वांनी माणसांविषयी लिहिले आहे, मी जनावराविषयी लिहितो.

शर्यतीतून काढलेला घोडा केंद्राला फुकट मिळतो, असे अनेकांना वाटते. 'धर्माची गाय आणि दात का गं नाही' असे आपण म्हणतो, पण या कामात धर्माच्या घोड्याचे दात मोजावेच लागतात. त्याचे वय किती, पाय कुठे दुखावला होता, कोणत्या आवाजाला बुजतो, हे पाहावे लागते. शर्यतीच्या घोड्याला लहानपणापासून पळायलाच शिकवलेले असते. तो हळू चालेल, पण दोन्ही कुशींना दोन माणसे चिकटून चालणे त्याला सहन होईल का, हे महिनोन्‌महिने पाहावे लागते. उलट भीमथडी घोडे अंगाने लहान, काटक आणि शांत. या जातीची स्वतंत्र जात म्हणून अलीकडे नोंदही झाली आहे. उंची कमी असल्यामुळे बाजूने चालणाऱ्याचा हात स्वाराच्या कमरेपर्यंत सहज पोहोचतो. मात्र लहान घोड्याला ओझ्याची मर्यादाही लहान. घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक ओझे पाठीवर घालू नये, असा संकेत आहे. तीनशे किलोच्या घोड्यावर खोगिरासकट साठ किलो म्हणजे पुष्कळ झाले. लहान मुलांसाठी ठीक, मोठ्या माणसांसाठी नाही.

आमच्या धंद्यातील लोक हे काम करू शकतील का? माझे प्रामाणिक उत्तर असे की घोडा तयार होईल, आम्हाला तयार व्हायला वेळ लागेल. वरातीत गिऱ्हाइकाला घोडा नाचलेला हवा असतो आणि थंड हवेच्या ठिकाणी फेऱ्यांच्या संख्येवर कमाई असते, म्हणून घोडेवाला घोड्याला पुढून ओढतो. येथे घोड्याने आपल्या चालीने चालायचे आणि माणसाने त्याच्या खांद्याशी राहायचे. हात तसा वळवायला हवा. आणखी एक: ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो, म्हणून घोड्यांची रक्ततपासणी केल्याशिवाय मुलांना जवळ आणूच नये.

पायवाट

चंदी, तुमचे शेवटचे वाक्य मी आमच्या केंद्राच्या भिंतीवर लावले असते. चालीविषयी तुम्ही लिहिलेत तेही अगदी खरे आहे. आमची प्रशिक्षक वर्गापूर्वी घोडीला मोकळी चालवून वाळूत वाकून ठसे पाहते. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर पडतो का, डावे-उजवे पाऊल सारखे पडते का, हे ती पाहते. पाऊल किंचित कमी पडत असेल तर त्या दिवशी घोडी बाहेर, कारण घोड्याचे लंगडणे जसेच्या तसे मुलाच्या कमरेत उतरते.

खर्चाविषयी कोणी विचारलेले नाही, पण सांगते. घोडा दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण दोन टक्के वैरण खातो, मग त्या दिवशी वर्ग असो वा नसो. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येतो. आमच्याकडे एक घोडी दिवसाला दोन तासांहून अधिक काम करत नाही. पालक देतात ती फी या सगळ्याला पुरत नाही. उरलेले पैसे देणग्यांतून उभे करण्यात केंद्राच्या संचालिकेचा अर्धा आठवडा जातो. घोड्यांच्या ओढीने या कामात आलेल्या त्या बाई आता बहुतेक वेळ संगणकासमोर असतात. परवा त्या स्वतःच म्हणाल्या की या महिन्यात त्यांनी एकदाही खरारा केलेला नाही.

उंबरठा

एक्स-रे काढला. उजवा खुबा बराच सरकलेला आहे. शस्त्रक्रियेचा निर्णय सहा महिन्यांनी होईल आणि तोवर घोड्यावर बसवायचे नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. दोन वर्षांपूर्वीच्या त्या तीन फेऱ्या आठवून मला रात्री झोप लागली नाही.

परंतु आमच्या सोसायटीतील एका बाईंच्या माहेरी एक म्हातारी घोडी आहे. रविवारी मुलीला चाकाच्या खुर्चीसह तेथे नेले. पहिला अर्धा तास तिने माझा पदर सोडला नाही. मग घोडीने मान खाली घालून तिच्या मांडीवरच्या शालीचा वास घेतला, तेव्हा तिने उजवा हात पुढे केला. खरारा तिला डाव्या हाताने करायचा आहे, कारण उजव्या हाताने आयाळ धरायची आहे, असे तिचे म्हणणे. पण त्या हातात ब्रश टिकत नाही, सुटून पडतो. यावर काही उपाय आहे का?

पायवाट

आहे. रबराचा गोल खरारा घ्या, लाकडी मुठीचा नको. त्याच्या पाठीवर तळहात पूर्ण बसेल असा रुंद पट्टा शिवून घ्या आणि पट्ट्याला व्हेल्क्रो लावा, म्हणजे घट्ट-सैल करता येईल. पट्ट्याची मनगटाकडची कड बोटांकडच्या कडेपेक्षा थोडी सैल ठेवा, नाहीतर आखडलेला अंगठा आत दुमडतो. चपला शिवणारा कारागीर हे दहा मिनिटांत करून देतो. खुर्ची घोडीच्या खांद्याशी, तिच्या डाव्या अंगाला लावा, मागच्या पायांकडे नको. चाकांचे ब्रेक मात्र लावू नका आणि तुम्ही मुठी धरून मागे उभ्या राहा, म्हणजे घोडी सरकली तर खुर्ची लगेच मागे ओढता येईल. सुरुवात मानेच्या खालून, गोल गोल. घोडीने खालचा ओठ लोंबता सोडला, तर जागा बरोबर सापडली असे समजा.